पेन्सिल शून्यावरून सरकवली तर: खेड्यातील विज्ञानशिक्षण नेमके कुठवर पोहोचते

पट्टीवर एक पेन्सिल ठेवलेली आहे. तिचे एक टोक शून्यावर आणि दुसरे सहावर आहे. लांबी किती, असे विचारले तर बहुतेक मुले ‘सहा सेंटिमीटर’ असे चटकन सांगतात. आता तीच पेन्सिल थोडी पुढे सरकवली, एक टोक दोनवर आणि दुसरे आठवर आणले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर बरीच मुले ‘आठ’ म्हणतात. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना याच धर्तीचा प्रश्न विचारला होता. वस्तू शून्यापासून ठेवलेली असताना सुमारे ८५ टक्के जणांनी लांबी बरोबर सांगितली. वस्तू पुढे सरकवल्यावर बरोबर उत्तर देणारे सुमारे ३९ टक्केच उरले.

ही मुले शाळेबाहेरची नव्हती. त्याच सर्वेक्षणानुसार या वयोगटातील जवळजवळ ८७ टक्के मुलांची नावे कुठल्या ना कुठल्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या पटावर होती. पट्टी ही काही दुर्मीळ वस्तू नाही; ती प्रत्येक कंपासपेटीत असते. शाळा होती, पट्टी होती, मापनाचा धडाही कधीचा होऊन गेला होता, आणि तरीही लांबी म्हणजे दोन टोकांमधले अंतर, एवढी एक गोष्ट निम्म्याहून अधिक मुलांच्या हाती लागलेली नव्हती. खेड्यातील मुलांपर्यंत विज्ञानशिक्षण पोहोचते का, याचा अभ्यास करणाऱ्यांपुढचा पेच नेमका इथेच सुरू होतो. पोहोचणे कशाला म्हणायचे आणि ते कुठे उभे राहून मोजायचे: शाळेच्या फाटकाशी, प्रयोगशाळेच्या कपाटाशी, की मुलाच्या हातातल्या पट्टीशी?

मी इंदूरला तीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर आम्ही तिघी-चौघी महिन्यातून दोनदा महूच्या पुढे, मानपूरच्या बाजूच्या एका गावातील सरकारी मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळेत जातो आणि तिथल्या शिक्षकांबरोबर मुलांचे प्रयोग घेतो. त्यामुळे या विषयावरचे संशोधन वाचताना आकड्यांमागे मला ओळखीचे चेहरे दिसतात. हे संशोधन काय सांगते आणि ते कशाच्या आधारावर सांगते, हे शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. जिथे माझे स्वतःचे मत आहे तिथे ते माझे म्हणूनच सांगते.

सगळ्यात आधी अंतराचा विचार करू. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. आठवीनंतर या कायद्याचे संरक्षण संपते. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने दहावीपर्यंतची शाळा पाच किलोमीटरच्या आत आणि बारावीपर्यंतची सात ते दहा किलोमीटरच्या आत असावी, असे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे मूल मोठे होत जाते तशी शाळा लांब जाते. विज्ञानाची वाट तर आणखी अरुंद होते, कारण अकरावीची शाळा सापडली म्हणून तिथे विज्ञान शाखा सापडेलच असे नाही. कला शाखा दोन-तीन शिक्षकांवर आणि एखाद-दोन खोल्यांत कशीबशी चालवता येते. विज्ञान शाखेला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांचे वेगवेगळे शिक्षक लागतात, शिवाय प्रयोगशाळा लागते. २०२३ च्या ‘असर’मध्ये अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्या ग्रामीण मुलामुलींपैकी ५५.७ टक्के कला शाखेत होते. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या शाखांत मुलग्यांचे प्रमाण ३६.३ टक्के आणि मुलींचे २८.१ टक्के होते. मुलींना विज्ञानाची आवड कमी असते, असे या आकड्यांवरून कोणी म्हटले तर मला ते मुळीच मान्य नाही. जी शाखा दोन बस बदलून गाठावी लागते, तिची आवड आहे की नाही हे ठरवण्याची संधी तरी मुलीला कुठे मिळते?

अंतराचा परिणाम मोजणे मात्र वाटते तितके सोपे नाही. शाळेजवळ राहणारी मुले जास्त शिकतात असे दिसले, तरी ते अंतरामुळेच घडले असे म्हणता येत नाही. मोठी शाळा सहसा मोठ्या, रस्त्यालगतच्या, बऱ्या परिस्थितीतल्या गावात असते आणि त्या गावची मुले एरवीही थोडी पुढेच असतात. हा गुंता कसा सोडवावा, याचे एक सुरेख उदाहरण बिहारमधले आहे. तिथल्या सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. योजनेआधी किती मुली होत्या आणि नंतर किती झाल्या, एवढ्यावर ते थांबले नाहीत, कारण मुलींची संख्या सायकलीशिवायही काही प्रमाणात वाढलीच असती. म्हणून त्यांनी मुलींमधल्या वाढीतून मुलग्यांमधली वाढ वजा केली. सुरुवातीला सायकल मुलग्यांना मिळत नव्हती. पण मुली त्या काळात सगळीकडेच मुलग्यांपेक्षा वेगाने पुढे येत असतील, तर हीसुद्धा तुलना फसवी ठरेल. तेव्हा त्यांनी तीच वजाबाकी शेजारच्या झारखंडसाठी केली, जिथे ही योजना नव्हती आणि जो प्रदेश २००० सालापर्यंत बिहारचाच भाग होता. मग बिहारच्या वजाबाकीतून झारखंडची वजाबाकी काढून टाकली. जे शिल्लक राहिले, ते सायकलीच्या खात्यावर मांडता येते.

शिल्लक चांगली घसघशीत होती. योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. (३२ टक्क्यांनी वाढ याचा अर्थ शंभर मुलींमागे आणखी ३२ मुली आल्या असा नाही, आधी जेवढ्या येत होत्या त्यांच्या जवळजवळ एक तृतीयांश भर पडली, असा आहे. बातम्यांमध्ये हा फरक नेहमी पुसला जातो.) शिवाय ही वाढ मुख्यतः शाळेपासून लांब असलेल्या गावांत झाली, आणि त्यामुळे परिणाम खरोखर अंतर कमी झाल्याचाच होता, या निष्कर्षाला बळ मिळाले. मध्य प्रदेशातही दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलांना सहावीत आणि नववीत सायकल देण्याची योजना आहे, आणि मानपूरच्या रस्त्याला सकाळी एकाच रंगाच्या सायकलींची रांग दिसली की मला त्या वजाबाकीची आठवण होते.

मात्र त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा शांतपणे वाचायला हवा. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, तर उत्तीर्ण होणाऱ्या १२ टक्क्यांनी. पटावर ३२, परीक्षेला १८, पास व्हायला १२, असे हे आकडे एकाखाली एक लिहिले की सायकलीचे काम कुठे संपते ते दिसते. शाळेच्या आत काय आहे, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

आत पहिल्यांदा शिक्षक हवा. २००३ साली देशातील २० राज्यांतल्या सुमारे ३,७०० शाळांना आगाऊ न कळवता भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली होती. भेटीच्या वेळी सरकारी प्राथमिक शाळांतील २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते आणि प्रत्यक्ष शिकवत असलेले शिक्षक निम्म्याच्या आसपास होते. हा आकडा पुढे वर्षानुवर्षे शिक्षकांच्या कामचुकारपणाचा पुरावा म्हणून वापरला गेला, आणि तो वापर अन्यायाचा होता असे मला वाटते. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गैरहजेरीची कारणे वेगवेगळी मांडली, तेव्हा विनाकारण गैरहजर असलेले शिक्षक २.५ टक्केच निघाले. बाकीचे मंजूर रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारी कामाला गेलेले होते. मुलाच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम एकच होतो: आजचा तास झाला नाही. दोष कोणाचा आणि नुकसान कोणाचे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तरच या संशोधनातून काही शिकता येते.

विज्ञानाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती कायद्यातच दडलेली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणित मिळून किमान एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक शिक्षक असायला हवा. विज्ञान आणि गणित एकत्र असल्यामुळे ती जागा गणिताच्या पदवीधराने भरली तरी कागद पूर्ण होतो. मग ज्या शिक्षकाने बारावीनंतर परीक्षानळी हातात धरलेली नाही, त्याच्याकडून आपण मुलांना प्रयोग करून दाखवण्याची अपेक्षा धरतो. त्याच परिशिष्टात ग्रंथालय आहे, खेळाचे मैदान आहे, कुंपणभिंत आहे, प्रयोगशाळा नाही.

आम्ही जातो त्या शाळेत विज्ञानाच्या साहित्याचे एक लोखंडी कपाट आहे. पहिल्यांदा ते उघडायला सांगितले तेव्हा किल्ली शोधण्यातच अर्धा तास गेला. आत काचेची चंचुपात्रे वर्तमानपत्रात गुंडाळलेली जशीच्या तशी होती. दोन तापमापी होत्या, एक सूक्ष्मदर्शक होता, आणि साठानोंदीच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे ‘सुस्थितीत’ असा शेरा होता. फुटले तर भरपाई कोण करणार, या भीतीने कोणी ते बाहेर काढले नव्हते. मी त्या शिक्षकांना नावे ठेवत नाही. वस्तू शाबूत ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर लेखी होती आणि ती वापरण्याची जबाबदारी कोणीच लिहून दिलेली नव्हती. परंतु सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘विज्ञान साहित्य उपलब्ध आहे का’ या प्रश्नापुढे या शाळेने ‘होय’ लिहिले, तर ते खोटे म्हणता येणार नाही. आकडेवारी वाचताना हे कपाट मी कायम डोळ्यांपुढे ठेवते.

महागड्या उपकरणांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. पेरू देशाने ग्रामीण भागातील मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप देण्याचा कार्यक्रम राबवला, तेव्हा ३१९ शाळांमध्ये त्याचा नीट अभ्यास झाला; कोणत्या शाळांना लॅपटॉप आधी मिळतील हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे तुलना भरवशाची होती. मुलांच्या हाती संगणक खरोखरच पोहोचले, परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गणित आणि भाषा यांच्या गुणांवर त्यांचा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे मुलांनी स्वतःच्या हातांनी काही बनवून पाहावे म्हणून २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. कल्पना चांगली आहे, परंतु अर्ज करण्यासाठी पुरेशी बांधीव जागा, वीज, संगणककक्ष अशा अटी आहेत, आणि ज्यांच्याकडे हे सगळे आधीपासून आहे अशाच शाळा त्या पुऱ्या करू शकतात.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे, आणि आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना तो लवकर समजायला हवा, कारण आपण तो लहानपणी थोडासा भोगलेला आहे. घरी वाफ आणि वर्गात भाप, घरी उष्णता आणि वर्गात ऊष्मा, आजोबांच्या जुन्या मराठी पुस्तकात द्रावण आणि आमच्या पुस्तकात विलयन. आपण ते निभावून नेले, कारण घरात दोन्ही भाषा वाचणारे कोणी तरी होते. मानपूरच्या घाटाखाली निमाडी बोलली जाते. बडवानी, झाबुआ, अलीराजपूरकडे भिली आणि तिच्या बोली. तिथल्या मुलाला आधी हिंदीच शिकावी लागते आणि मग त्या हिंदीतून ‘उत्प्लावन’ (पाण्याने वस्तूला वर ढकलणे) किंवा ‘अपवर्तन’ (प्रकाशकिरणाचे वाकणे) शिकावे लागते. म्हणजे त्याच्यासाठी विज्ञानाचा तास हा एकाच वेळी परक्या भाषेचाही तास असतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात १९७४ साली झाली, आणि तिथे वि. गो. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात काम करताना नेमका हाच मुद्दा धरला होता: मूल विज्ञानात अडते तेव्हा पुष्कळदा ते आधी वाक्यात अडलेले असते, आणि मजकूर सोपा केला, मुलाला स्वतःच्या शब्दांत बोलू दिले, तर ज्याला आपण ‘मंद’ म्हणून बाजूला सारले ते मूल पुढे येऊ शकते. ‘उत्प्लावन’ शब्द येत नाही म्हणून विहिरीत घागर हलकी का लागते हे त्या मुलाला ठाऊक नाही असे नसते; आपण ते कधी विचारलेलेच नसते.

याच्या जोडीला स्थलांतर आहे. झाबुआ-अलीराजपूरकडची असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत जातात, मुलेही बरोबर जातात, आणि शाळेत प्रयोगांना सर्वांत सोयीचे असलेले हिवाळ्याचे महिने त्यांच्या पुरते कोरे राहतात. पटावर नाव वर्षभर असते.

या सगळ्यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. इंदूरहून चार-पाच तासांवर, नर्मदेच्या काठी, होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली १६ सरकारी मिडल स्कूलमध्ये एक प्रयोग सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने तो हाती घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ यांच्यातील वैज्ञानिक सुट्टीत येऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग रचू लागले. १९७८ साली तो जिल्ह्यातल्या सर्व मिडल स्कूलमध्ये गेला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची जबाबदारी घेतली आणि देवास, उज्जैन अशा आपल्या माळव्यातल्या जिल्ह्यांसह तो पंधराएक जिल्ह्यांत पसरला. ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ हे त्याचे नाव; इकडचे जुने शिक्षक त्याला ‘होविशिका’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात.

त्यातली पद्धत अशी होती. चार-चार मुलांच्या टोळ्या. ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक, ज्यात धड्याऐवजी कृती आणि प्रश्न असत, उत्तरे नसत. उत्तर प्रयोगातून काढून वहीत लिहायचे. फूल उलगडून पाहायला महागडी सुई नको, बाभळीचा काटा चालतो. पाने गोळा करून त्यांचे गट पाडायचे, नाणे उडवून छापा-काटा मोजत संभाव्यता शिकायची. मुलांना काही विचारावेसे वाटले तर ती ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्र लिहीत आणि त्यांना उत्तर येई. शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणे होत आणि दर महिन्याला ते एकत्र बसून काय अडले ते बोलत. माझ्या मते सर्वांत धाडसाचा भाग परीक्षेचा होता: लेखी परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. पाठ केलेले उत्तर उपयोगाचे नाही हे मुलाला, पालकाला आणि शिक्षकाला एकदम कळायचे, आणि मग कपाटाला कुलूप लावणे परवडत नसे. आज नव्या पुस्तकांत कृती भरपूर असतात. परीक्षा मात्र व्याख्या विचारते, आणि शाळा परीक्षेच्या मागे जाते.

२००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. देशभरातल्या वैज्ञानिकांनी विरोध केला, तरी निर्णय बदलला नाही. तीस वर्षांत सरकारी खेड्यातल्या शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून हे घडू शकते, एवढे मात्र सिद्ध झाले होते. शास्त्रीय काटेकोरपणाने बोलायचे तर एक मर्यादा सांगायला हवी: चिठ्ठ्या टाकून काही शाळांना कार्यक्रम द्यायचा, काहींना नाही, आणि मग दोहोंची तुलना करायची, अशी आजची पद्धत तेव्हा वापरलेली नव्हती.

तशी तुलना पुढे दुसरीकडे झाली. अर्जेंटिना, बेलीझ, पाराग्वे आणि पेरू या चार देशांत २००९ ते २०१५ या काळात शोध घेत, प्रश्न सोडवत शिकण्याच्या पद्धतीचे दहा प्रयोग झाले. १७,००६ मुलांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की सात महिन्यांनंतर गणितात ०.१८ आणि विज्ञानात ०.१४ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. चार वर्षांनंतर हेच आकडे ०.३९ आणि ०.२३ असतील असा अंदाज निघाला. प्रमाण विचलन म्हणजे वर्गातले गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेले आहेत याचे माप. व्यवहाराच्या भाषेत ०.१४ म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभे असलेले मूल सुमारे पाच-सहा जागा पुढे सरकते, ०.२३ म्हणजे सुमारे नऊ जागा. हा चमत्कार नाही. पण ज्या देशात लॅपटॉपने गुण हलले नाहीत, त्याच देशाचाही या अभ्यासात समावेश आहे, हे विसरू नये.

या अभ्यासातली एक गोष्ट मला फार टोचते. मुलग्यांना या पद्धतीचा फायदा मुलींपेक्षा बराच अधिक झाला. वर्गात उभे राहून पाहिले की निदान आमच्या शाळेपुरते त्याचे एक कारण दिसते. चारांची टोळी केली की मुलगा तापमापी धरतो, दुसरा पाणी ओततो, तिसरा दिवा पेटवतो, आणि ‘तुझे अक्षर चांगले आहे’ म्हणून मुलीच्या हाती वही येते. तास संपेपर्यंत तिने सगळ्यांची निरीक्षणे सुंदर अक्षरात उतरवलेली असतात आणि स्वतः एकही केलेले नसते. आता आम्ही वही फिरती ठेवतो. इंग्लंडमध्ये लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना विज्ञान आवडणारी मुले पुष्कळ भेटली, पण आपण वैज्ञानिक व्हावे असे वाटणारी १५ टक्क्यांच्या आसपासच होती. ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही’ असे मुलाला फार लवकर वाटू लागते. इंदूरात सुमारे १७२ मीटर परिघाचे इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून संशोधनासाठी तीव्र किरण मिळवणारे यंत्र आहे, सिमरोलला आयआयटी आहे. सिमरोल आमच्या शाळेपासून बसने फार लांब नाही. तिथे काय चालते, असे मी मुलांना विचारले तेव्हा एकाने सांगितले, ‘मोठी भिंत आहे.’

गेल्या जानेवारीत आम्ही शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीचा बांबू सरळ रोवला आणि सावली मोजायला घेतली. भर दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, हे शिक्षकांसकट सगळ्यांचे पाठ होते. वही त्या दिवशी एका मुलाकडे होती आणि टेप सातवीतल्या एका मुलीकडे, जी आजवर नेहमी लिहीत आलेली होती. टेप शिंप्याची होती आणि तिचे पहिले काही सेंटिमीटर फाटून गेलेले होते. तिने थोडा वेळ टेपकडे पाहिले, पाचाचा आकडा बांबूच्या बुडाशी धरला, सावलीच्या टोकाशी १०३ वाचले आणि ‘९८’ असे सांगितले. बारा वाजता ९८. साडेबाराला ९५, बारा चाळीसलाही जवळजवळ तेवढीच. एक वाजता ९६ आणि सव्वा वाजता पुन्हा ९८. शिक्षकांना वाटले की मोजण्यात चूक झाली. मुलांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले आणि तेच आले. मग आम्ही नकाशा काढला. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ सात अंशांवर आहोत. एका अंशाला चार मिनिटे लागतात, म्हणजे सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर तिथल्यापेक्षा सुमारे २७ मिनिटे उशिरा येतो, आणि जानेवारीत ऋतुमानाप्रमाणे आणखी आठ-दहा मिनिटे. बारा आणि सव्वा यांचा मध्य बारा सदतीस, हे मुलांनी स्वतःच काढले होते.

निष्कर्ष लिहायची पाळी त्याच मुलीची होती. तिने लिहिले: आमच्या गावात दुपार साडेबारानंतर होते.